टीबीची गोळी फुकट आहे, ताट फुकट नाही

टीबीचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे आता बहुतेक घरांत माहीत आहे. तरीही आपल्या वस्त्यांमधून टीबी जात का नाही? एकाच घरात आधी बाप, मग थोरला मुलगा, मग सून, असा तो फिरत का राहतो? वस्तीतल्या बायांच्या बैठकांमध्ये आम्हाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. कोणी म्हणते दारू, कोणी म्हणते घाण, एखादी आजी हळूच म्हणते नशीब. दारूचा आणि बिडीचा वाटा आहे, तो आम्ही नाकारत नाही. नशिबाचा मात्र नाही. नशीब आपण १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर सोडून आलो.

म्हणून या वेळच्या आरोग्यपानावर टीबीची नुसती लक्षणे आणि गोळ्या सांगून आम्ही थांबणार नाही. टीबी कोणाच्या घरात शिरतो आणि कोणाच्या घरात राहतो, हे पगार, भाडे, रेशन आणि दूर देशातल्या कंपन्यांच्या हिशेबावर कसे ठरते, तेही समजून घेऊ. गोष्ट लांबची वाटेल, पण ती आपल्या चुलीपर्यंत येते.

आधी रोगाची ओळख. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा जंतू हवेत उडतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ते दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. पण जंतू आत गेला म्हणजे माणूस आजारी पडलाच, असे नाही. ज्यांच्या अंगात जंतू शिरतो, अशा दहा जणांपैकी आयुष्यभरात जास्तीत जास्त एकाला रोग होतो. बाकीच्यांचे शरीर त्याला कोंडून ठेवते. मग तो एक कोण? ज्याची अंगातली ताकद खचली आहे तो. पोटभर न जेवणारा, रात्रपाळ्या करून वाळलेला, साखरेचा आजार असलेला, एचआयव्हीची लागण झालेला, दारू-तंबाखूने आतून पोखरलेला. जागतिक आरोग्य संघटना टीबी वाढवणाऱ्या कारणांची मोजदाद करते. त्यात दारू आहे, धूम्रपान आहे, मधुमेह आहे. पण यादीत सगळ्यांच्या वर आहे अर्धपोटी राहणे.

२०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना टीबी झाला आणि साडेबारा लाख माणसे त्याने मेली. यातले साधारण चारपैकी एक आजारी माणूस भारतातले. जंतू सगळीकडे तोच आहे. तो पासपोर्ट बघत नाही आणि जातीचा दाखलाही मागत नाही. पण तो कोणत्या शरीरात घर करतो, हे त्या शरीराला काय खायला मिळाले यावर ठरते. आणि खायला काय मिळाले, हे वाटपावर ठरते.

हे वाटप कसे आहे, ते बैठकीत आम्ही भाकरीने समजावतो. समजा, आपल्या देशात शंभर माणसे आहेत आणि वर्षभराची मिळून कमाई शंभर भाकरी आहे. जागतिक विषमता अहवाल २०२२ प्रमाणे वरची दहा माणसे त्यातल्या ५७ भाकरी घेतात. खालच्या पन्नास माणसांत मिळून १३ भाकरी येतात. हे ऐकल्यावर बैठकीत थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग एखादी ताई बोटावर हिशेब करून म्हणते, "म्हणजे माणशी पाव भाकरी." जवळपास तेवढीच. जगाची मालमत्ता मोजली तर चित्र आणखी वाईट आहे. जगातल्या खालच्या निम्म्या माणसांकडे मिळून सगळ्या संपत्तीचे शंभरातले दोनच हिस्से आहेत. त्या पाव भाकरीतून खोलीचे भाडे, शाळेची फी, लग्नाचे हप्ते आणि मग राहिलेच तर डाळ.

विलायतेतला टीबी कुठे गेला?

पुष्कळांना वाटते, गोऱ्यांच्या देशात टीबी नव्हताच. होता, आणि भरपूर होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या गिरणगावांत टीबी घरोघरी माणसे नेत होता. टीबीवरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडले १९४३ साली. पण तिकडचे टीबीचे मृत्यू त्याच्या कितीतरी आधीपासून, वर्षानुवर्षे उतरत आले होते. गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हते, तरी! कारणे एकापेक्षा जास्त होती आणि कोणाचा वाटा किती यावर जाणकार अजून वाद घालतात. पण मजुरी वाढली, ताटात अन्न आले, घरांना खिडक्या आल्या, आजारी माणसांसाठी वेगळी आरोग्यधामे झाली, हे सगळे त्या काळात घडले. मग औषध आले आणि उरलेले काम त्याने केले.

त्याच काळात त्याच साम्राज्याच्या मुंबईत काय चालले होते? कापडगिरण्यांची धुराडी चढत होती आणि गिरणीत राबणारी माणसे एकेका खोलीत दहा-दहा जण झोपत होती. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा सरकारला गरिबांच्या घरांची आठवण झाली, कारण प्लेग बंगल्यांपर्यंत पोहोचण्याची भीती होती. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, आणि घर चाळीतल्या खोल्यांचे. रमाईची चार लेकरे लहानपणीच गेली. औषधाला, दूधदुभत्याला पैसा नसणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पुस्तकातून कळले नव्हते.

आज चाळ जाऊन टॉवर आला, पण हवा आली का? गोवंडी-मानखुर्दकडे झोपड्या हटवून लोकांना ज्या वसाहतींत नेले, त्यांतल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या ठिकाणी डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने घरांची आणि टीबीची पाहणी केली. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवरच्या घरांत दुपारीही दिवा लावावा लागतो. ऊन नाही, वारा नाही, आणि अशा घरांत टीबी जास्त. पक्की भिंत आणि नळ मिळाला म्हणून लोक खूश होते, तो आनंद खोटा नव्हता. पण दोन इमारतींमध्ये किती जागा सोडायची, हे ठरवताना तिथे राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार झाला नाही.

झारखंडची टोपली

अन्नाने टीबी अडतो, हे आपल्याच देशात नीट मोजून दाखवलेले आहे. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये २,८०० टीबी रुग्णांना आणि त्यांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांना घेऊन हा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सगळ्या रुग्णांना औषधाबरोबर दर महिन्याला दहा किलोची टोपली दिली. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. निम्म्या भागांत घरातल्या बाकीच्या माणसांनाही दिले. माणशी महिना पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. बस, एवढेच. महागडे काही नाही.

ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे घरच्या माणसांना नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. खोकल्यातून पसरणाऱ्या टीबीचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास निम्म्याने घटले. दीड किलो डाळ हे लसीसारखे काम करते, असे कोणी आम्हाला नर्सिंगच्या वर्गात सांगितले असते, तर परीक्षेत लिहायची हिंमत झाली नसती. त्या रुग्णांत पाचपैकी चार जण कुपोषित होते आणि निम्मे तर अगदी टोकाचे. ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे चाळीस किलोच्या माणसाचे फक्त दोन किलो वजन वाढणे, एवढ्यावर जगणे-मरणे ठरते.

आता ही टोपली आपल्या रेशनकार्डाशेजारी ठेवून बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे. हे लहान नाही. लॉकडाऊनमध्ये रेशनने किती घरे तगवली, ते आपण पाहिले आहे. पण कायद्याच्या त्या हक्कात डाळ नाही, तेल नाही. पोट भरायची सोय केली, अंग भरायची केली नाही.

आळवी गावाची कथा विहारात तुम्ही ऐकली असेल. तथागत तिथे धम्म सांगायला आले. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. बैल शोधून, उपाशीपोटी तो धावत आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवायला घालायला लावले आणि मगच देशना सुरू केली. काही भिक्खू कुजबुजले, तेव्हा भुकेइतका मोठा रोग नाही, असे तथागतांनी त्यांना समजावले. बाबासाहेबांनीही हे मुद्दाम दाखवून दिले आहे की तथागतांनी गरिबीचा कधी गौरव केला नाही. आपल्या धम्मात उपाशी राहणे हे पुण्य नाही. तेव्हा सुनेने सगळ्यांत शेवटी, उरलेसुरले खायचे, ही रीत आपल्या घरात कुठून आली, हेही एकदा विचारून बघा. बायांचा टीबी उशिरा लक्षात येण्यामागे ही रीतसुद्धा आहे. तिचे वजन कधी कमी झाले, हे कोणी बघितलेलेच नसते.

महिना हजार रुपयांचा हिशेब

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसे मिळतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सुरुवातीला तीन हजार आणि साधारण ८४ दिवसांनी पुढचे तीन हजार, असे ते थेट बँक खात्यात जमा होतात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही हे मिळतात, कारण टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारकडे नोंदवणे खासगी डॉक्टरलाही २०१२ पासून बंधनकारक आहे. खाते आधारला जोडलेले नाही, खाते बंद पडले आहे, नाव जुळत नाही, यात कितीतरी घरांचे पैसे अडकतात. गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात आशाताईला किंवा टीबी विभागातल्या कर्मचाऱ्याला पासबुकाची प्रत द्या आणि "माझा निक्षय नंबर काय?" असे विचारून तो कागदावर लिहून घ्या.

हजार रुपयांत काय येते, ते आम्ही बायांबरोबर बसून मांडले. अंडे सात रुपयांना धरले, रोज दोन, महिन्याचे ४२० रुपये. शेंगदाणे दीड किलो, साधारण २०० रुपये. डाळ दोन किलो, २४० रुपये. राहिलेल्या १४० रुपयांत गूळ आणि थोडे तेल. तुमच्याकडे भाव वेगळे असतील. सुकट, जवळा स्वस्त मिळत असेल तर तो घ्या, त्यात भरपूर ताकद आहे. नाचणी, हरभरे, चवळी, पालेभाजी चालेल. प्रोटीन पावडरचा डबा घेऊ नका. मेडिकलवाला गळ्यात मारतो, पण त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

कागदावर हिशेब बरोबर जमतो. खरा प्रश्न पुढे आहे. घरात पाच माणसे आणि अंडी दोन. आजारी आई ती अंडी पोरांच्या ताटात टाकते. कोणती आई टाकणार नाही? एक ताई आम्हाला म्हणाली, "गोळी मी माझी खाते, पण अंडं माझं एकटीचं कसं होईल?" झारखंडच्या अभ्यासाने जे आकड्यांत दाखवले, ते तिने एका वाक्यात सांगितले. मदत रुग्णाला देऊन भागत नाही, ती घराला द्यावी लागते. रुग्णालयातून सुट्टीच्या कागदावर 'भरपूर प्रथिनयुक्त आहार घ्या' एवढे लिहिणे सोपे असते. तो आहार कुठून आणायचा, त्याची रकाना त्या कागदावर नसतो.

आणि पैसा फक्त खाण्यावर जात नाही. औषध फुकट असूनही टीबी झालेल्या घरांपैकी जगभरात साधारण निम्म्या घरांचा वर्षाच्या कमाईचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या आजारात जातो. निदान होईपर्यंत खासगी दवाखान्यांच्या खेपा, एक्स-रे, रिक्षा, आणि सगळ्यांत मोठा खड्डा म्हणजे बुडालेली मजुरी. चार घरची धुणीभांडी करणारी बाई पंधरा दिवस गेली नाही, तर मॅडम दुसरी बाई बघते. नाक्यावर उभा राहणारा मजूर एक दिवस चुकला तर त्या दिवसाची चूल पेटत नाही. मग दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला की माणूस कामावर जातो, गोळ्या सुटतात. कार्डावर लिहिले जाते, 'रुग्णाने उपचार अर्धवट सोडले'. रोज सुटणारी मजुरी त्या रकान्यात लिहायची सोय नाही.

सिक्युरिटी गार्ड, सफाई कामगार, कारखान्यातले कंत्राटी कामगार यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर टीबीसाठी दीर्घ आजाराचा लाभ आहे. दोन वर्षे विमाधारक असाल आणि ठरलेले हप्ते भरलेले असतील, तर पगाराच्या ८० टक्के रक्कम, गरज पडल्यास दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचे सर्टिफिकेट लागते. कंत्राटदार हे आपण होऊन सांगणार नाही. पगाराची चिठ्ठी काढा, त्यावर ईएसआय नंबर आहे का बघा. नंबर नसताना पैसे कापले जात असतील, तर ती चोरी आहे, युनियनकडे जा. नाका कामगाराला आणि घरकाम करणाऱ्या बाईला मात्र असले काहीच नाही. तोच तर वर्गाचा फरक. आजार सारखा, पण एकाला रजा मिळते आणि दुसरीची नोकरी जाते.

एका गोळीची किंमत कोण ठरवते

साध्या टीबीला सहा महिने गोळ्या लागतात. पण जंतूवर नेहमीची औषधे चालेनाशी झाली, की त्याला एमडीआर म्हणतात. त्याचे उपचार पूर्वी दोन-दोन वर्षे चालत. महिनोन्‌महिने रोज इंजेक्शन, आणि त्या इंजेक्शनने कित्येकांचे कान कायमचे गेले. मुंबईची नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा या काळ्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतली फुमेझा तिसिले, या दोघी तरुणी अशाच बहिऱ्या झाल्या. दोघी टीबीतून वाचल्या, पण ऐकू येणे गेले.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बेडाक्विलीन या नव्या गोळीला मान्यता मिळाली. चाळीस वर्षांत टीबीवर आलेले ते पहिले नवे औषध. इंजेक्शनाशिवाय एमडीआर बरा होण्याची वाट त्याने उघडली. औषध जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकन कंपनीचे. संशोधनात सरकारी आणि धर्मादाय पैसाही मोठा लागला होता, पण पेटंट कंपनीचे. पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी. तेवढी वर्षे दुसऱ्या कोणी ते औषध करायचे नाही आणि मालक म्हणेल तो भाव. सुरुवातीला सहा महिन्यांच्या गोळ्यांचा भाव श्रीमंत देशांत ३० हजार डॉलर आणि सगळ्यांत गरीब देशांत ९०० डॉलर ठेवला होता. गोळी तीच. म्हणजे भाव कारखान्याच्या खर्चाने ठरत नव्हता, कोणाकडून किती काढता येईल यावर ठरत होता.

भारतात ते २०१६ मध्ये आले, तेही देणगीच्या रूपात, मोजक्या केंद्रांवर, मोजक्या माणसांसाठी. पाटण्याच्या एका तरुण मुलीला दिल्लीत ते नाकारले गेले. एक कारण असे दिले की ती दिल्लीची रहिवासी नाही. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले. २०१७ च्या जानेवारीत औषध मंजूर झाले, पण उशीर झाला होता, पुढे ती वाचली नाही. रहिवासी दाखल्यासाठी चकरा मारणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्या देशाचा कायदा पाहा. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होते. म्हणून आपले कारखाने स्वस्त औषधे करू शकले आणि जगभरातल्या गरिबांना ती मिळाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली कायदा बदलावा लागला. पण बदलताना कलम ३(ड) घातले गेले. जुन्याच औषधात किरकोळ फरक करून नवे पेटंट मागितले आणि त्याने औषधाचा गुण वाढत नसेल, तर पेटंट द्यायचे नाही. बेडाक्विलीनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. कंपनीने त्याच औषधाच्या क्षाराच्या रूपावर दुसरे पेटंट मागितले, म्हणजे मक्तेदारी आणखी चार वर्षे. नंदिता आणि फुमेझा या दोघींनी २०१९ साली मुंबईच्या पेटंट कार्यालयात त्याला हरकत घेतली. २३ मार्च २०२३ रोजी, क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट नाकारले गेले. २०१८ मध्ये गरीब देशांसाठी ४०० डॉलर असलेला भाव ऑगस्ट २०२३ मध्ये, भारतीय कारखाने स्पर्धेत उतरल्यावर, कंपनीने सुमारे १३० डॉलरवर आणला. आता बेडाक्विलीन धरून चार औषधांचा सहा महिन्यांचा एमडीआर उपचारही भारतात मंजूर झाला आहे, इंजेक्शनाशिवाय.

ऐकू न येणाऱ्या दोन मुली, दोन देशांतल्या, आणि समोर जगातली बलाढ्य कंपनी. त्यांनी दयेची याचना केली नाही, कायद्यातले कलम दाखवले. बाबासाहेबांच्या लेकरांना ही रीत ओळखीची वाटेल.

आपल्या घरात आणि विहारात

आता कामाच्या गोष्टी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे, बेडक्यात रक्त, यातले काही असेल तर मेडिकलवरून खोकल्याची बाटली आणत बसू नका. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी फुकट होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशिनवर तपासणी मागा. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते. नेहमीचे मुख्य औषध जंतूवर चालेल की नाही, हेही त्यात त्याच दिवशी कळू शकते. तपासणीला थुंकी नको, खोल खोकून काढलेला बेडका हवा. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लालसर-नारिंगी होते, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. ज्यांना टीबी नाही त्यांना तो होऊ नये म्हणूनही फुकट गोळ्या मिळतात.

एक गोष्ट आम्ही ठासून सांगणार आहोत. टीबी ताटातून, पेल्यातून, कपड्यातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. तरीही आपल्याच वस्तीत रुग्णाचा पेला वेगळा ठेवलेला आम्ही पाहतो. वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आजी-पणजीने सोसले आहे. चहाच्या हॉटेलात आपल्यासाठी बाहेर टांगलेली बशी कोणी विसरले आहे का? तो पेला आपण आपल्या सुनेपुढे ठेवायचा? सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा, खोकताना तोंडावर कापड धरावे, खिडकी-दार उघडे ठेवावे, जमल्यास दाराजवळ झोपावे. एवढे पुरे. तान्हे बाळ असेल तर आईने मास्क लावून अंगावर पाजावे, पाजणे बंद करू नये. आणि टीबी झाला म्हणून सुनेला माहेरी धाडू नका. माहेरीही खोली दहा बाय दहाचीच असते.

विहार समितीला किंवा महिला मंडळाला निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवता येते. २०२२ पासून ही सोय आहे. एखाद्या रुग्णाच्या घराला सहा महिने शिधा द्यायचा, जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग यासाठी काढायचा. आम्हाला यात एक अडचण वाटते, ती बोलून दाखवतो. देणाऱ्याच्या मर्जीवर चालते ते दान, आणि टीबी झालेल्या घराला डाळ मिळणे हा हक्क असायला हवा. म्हणून दोन्ही करायचे. शिधा द्यायचा, आणि रुग्णाच्या सगळ्या घराला रेशनवर डाळ-तेल मिळावे, असे निवेदन नगरसेवकाला आणि तहसीलदाराला द्यायचे. निवेदनाला पोचपावती घ्या. पोचपावती नसेल तर निवेदन दिलेच नाही, असे समजा.

शेवटची गोष्ट वजनाची. विहारात एक वजनकाटा ठेवा, फार महाग नसतो. उपचाराच्या पहिल्या दिवसाचे वजन कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा. त्याला वीसने भागा. चाळीस किलो असेल तर दोन, छत्तीस असेल तर एक किलो आठशे ग्रॅम. दोन महिन्यांत किमान एवढे वजन वाढायला हवे. दर रविवारी वंदनेनंतर वजन करा. महिना झाला आणि काटा हलला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता कार्ड घेऊन डॉक्टरकडे जा. वजन वाढले की गोळ्यांची संख्याही बदलावी लागते, तीही विचारा. कुठे अडले तर निक्षय संपर्कचा फुकट फोन आहे, १८००-११-६६६६. मराठीत बोला, आणि ज्यांच्याशी बोलाल त्यांचे नाव लिहून ठेवा.